ओंजळीतला हॅमस्टर: भीती घालवून हाताळायचं कसं

हॅमस्टर घरी आला की पहिल्याच संध्याकाळी बहुतेक घरांत एकसारखा प्रकार घडतो. पिंजऱ्याचं वरचं दार उघडतं, एक हात आत उतरतो, कोपऱ्यात दबून बसलेल्या पिल्लाला मुठीत धरायचा प्रयत्न होतो आणि पिल्लू कडकडून चावतं. हात झटकला जातो. त्यानंतर पिंजऱ्यात हात घालायचं धाडस कोणी करत नाही आणि पंधरा दिवसांत ‘आमचा चावरा निघाला’ असं घरात ठरूनही जातं.

त्या पिल्लाच्या बाजूने पाहा. वरून झेपावणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी आणि अंगाभोवती आवळला गेलेला विळखा म्हणजे मरण, एवढं त्याच्या रक्तातच असतं. वरून आलेली मूठ त्याला या दोन्ही भीती एकदम दाखवते. म्हणून हॅमस्टर माणसाळवायचा तर मूठ विसरायची आणि ओंजळ शिकायची. हात पकडायला येत नाही, तो चढून बसायची उबदार जागा आहे, हे त्याला स्वतःहून कळू द्यायचं. रोज थोडा वेळ दिला तर बरेचसे हॅमस्टर तीन ते सहा आठवड्यांत हातावर निवांत बसू लागतात. काही त्याआधीच तयार होतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. दिवसांचे आकडे पुढे दिले आहेत, पण ते अंदाजासाठी. खरं वेळापत्रक तुमचा हॅमस्टर ठरवेल.

आधी प्राणी ओळखा

हा लेख मुख्यतः सीरियन, म्हणजे सोनेरी हॅमस्टरबद्दल आहे. पूर्ण वाढ झाल्यावर तो साधारण १०० ते १५० ग्रॅमचा आणि तळहात भरेल एवढा होतो. छोट्या ड्वार्फ जातींबद्दल वेगळं सांगण्यासारखं थोडं आहे, ते शेवटाकडे येईल.

१९३० साली सीरियातल्या अलेप्पो शहराजवळच्या शेतात खणून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. पुढे जेरुसलेममध्ये त्यांची वाढ झाली आणि आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्याच एका कुटुंबाचे वंशज आहेत. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं राहिला आहे. हॅमस्टरला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, त्यामुळे माणसाबद्दलचा विश्वास त्याच्यात जन्मजात नसतो. तो प्रत्येक पिल्लाशी नव्याने जोडावा लागतो.

त्याची नजर अधू असते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला आजूबाजूचं बरंच दिसतं, पण अंधुक. खोली किंवा उंची तर जवळजवळ कळतच नाही, म्हणूनच टेबलाच्या कडेवरून तो बेधडक पाऊल पुढे टाकतो. कमी दिसतं ते नाक, मिशा आणि कान भरून काढतात. तुमचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. तुमचा वास आणि आवाज ओळखू येतो. पुढची बरीचशी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

तो दिवसा झोपतो आणि अंधार पडल्यावर उठतो. सवय लावायची वेळ म्हणजे रात्री साधारण साडेआठ ते अकरा, तीही तो स्वतः उठून बाहेर आल्यावर, पाणी पिऊन, अंग साफ करून झाल्यावर. दुपारी पाहुण्यांना दाखवायला झोपेतून उचललेला हॅमस्टर चावला, तर त्यात त्याची चूक नाही.

पिंजऱ्यातच अर्धं काम असतं

दुकानात पिंजरा म्हणून जो वीतभर लांबीचा रंगीत डबा मिळतो, त्यात ठेवलेल्या हॅमस्टरला माणसाळवणं फार कठीण जातं. पळून लपायला जागा नाही म्हटल्यावर त्याच्याकडे चावण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. सीरियनसाठी किमान १०० × ५० सेंटिमीटरचा सलग तळ धरा. एवढ्या मापाचा तयार पिंजरा महाग वाटला तर मोठी काचेची टाकी किंवा सुताराकडून जाळीचं झाकण बसवून घेतलेली लाकडी पेटी चालते. तळाला निदान २० सेंटिमीटर कागदी बेडिंग, म्हणजे अंथरूण, हवं, म्हणजे त्याला बीळ खणता येतं. देवदार आणि पाइनचा सुगंधी भुसा वापरू नका, त्याने श्वसनाला त्रास होतो. घरटं करायला कापूसही देऊ नका. तंतू पायाला गुंडाळले जातात आणि पोटात गेले तर अडकतात. साध्या, बिनवासाच्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या उत्तम.

चाक २८ ते ३० सेंटिमीटर व्यासाचं आणि सलग पृष्ठभागाचं असावं. छोट्या चाकात धावताना पाठ कमानीसारखी उलटी वाकते. पाठ दुखणारा प्राणी हात लागू देत नाही आणि कारण मात्र घरच्यांच्या लक्षात येत नाही. एका पिंजऱ्यात एकच सीरियन ठेवायचा. ‘एकटा आहे, सोबत आणू’ हा विचार प्रेमापोटी येतो, पण मोठे झाल्यावर ते एकमेकांना जीवघेण्या जखमा करतात.

पिंजरा टीव्हीजवळ, स्वयंपाकघराच्या दारात किंवा उन्हाच्या तिरिपेत नको. कुकरची शिट्टी, मिक्सर, फटाके, ढोल-ताशा हे सगळं आपल्याला सवयीचं असलं तरी त्याच्या कानांना झेपत नाही. उदबत्ती, धूप, डास पळवणारी कॉइल आणि फवारेही त्या खोलीत नकोत. १८ ते २४ अंश तापमानात तो खुशीत असतो. पारा ३० च्या पुढे गेला की त्याला त्रास सुरू होतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, घरातली सर्वांत थंड खोली त्याची. फ्रीजमध्ये गार केलेली चिनीमातीची फरशी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवा, तो हवं तेव्हा येऊन तिच्यावर पसरेल. उकाड्यात सवय लावायचा कार्यक्रम बंद ठेवा. निपचित पडणं, धापा टाकणं, तोंडातून लाळ येणं ही उष्माघाताची चिन्हं आहेत. अशा वेळी त्याला गार खोलीत नेऊन लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठायचं.

पहिले तीन दिवस: काहीच करू नका

हीच पायरी लोकांना सर्वांत जड जाते. दुकान, डबा, रिक्षा, नवं घर, नवे वास एवढं सगळं एका दिवसात सोसलेला जीव आधीच घाबरलेला असतो. रोज ठरलेल्या वेळी पाणी बदला, दाणे ठेवा आणि बाजूला व्हा. सफाई नको, घरटं उकरणं नको, मोबाइलचा फ्लॅश नको. पिंजऱ्याच्या एका बाजूवर पातळ कापड टाकलं तर त्याला आडोसा मिळतो.

या विश्रांतीमागे आरोग्याचंही कारण आहे. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना जागाबदलाच्या ताणानंतर ‘वेट टेल’ नावाचा जुलाबाचा आजार होऊ शकतो. शेपटीची जागा ओली, मागचा भाग घाण, पिल्लू मलूल, खाणं बंद अशी लक्षणं दिसली की सकाळपर्यंत थांबू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

चौथा ते सातवा दिवस: वास आणि आवाज

आता रोज रात्री पिंजऱ्याजवळ पंधरा मिनिटं बसा. नेहमीच्या हळू आवाजात बोला, नाही तर काहीतरी मोठ्याने वाचा. मजकूर काहीही चालेल, आवाजाची पट्टी मात्र रोज तीच ठेवा. दाणे घालण्याआधी प्रत्येक वेळी एकच शब्द किंवा जिभेने एकच ‘टक-टक’ आवाज काढायचा. काही दिवसांत त्या आवाजाला तो बिळातून बाहेर येऊ लागतो. पुढे खेळताना कपाटामागे गेला तर हीच खूण कामी येते.

वासासाठी सोपी युक्ती आहे. बिनवासाचा टिश्यू पेपर रात्रभर उशीच्या अभ्र्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याचे पाच-सहा तुकडे करून घरट्याच्या तोंडाशी टाका. तो हुंगेल, कदाचित पहिल्या दिवशी बेडिंगखाली पुरूनही टाकेल. ज्या दिवशी ते तुकडे घरट्यात ओढून नेऊन तो त्यांच्यावर झोपेल, त्या दिवशी तुमचा वास त्याच्या घरचा झाला असं समजा. घरातल्या दोघांना हॅमस्टर हाताळायचा असेल तर दोघांनीही स्वतंत्रपणे हे करावं. एकाच्या वासाची ओळख दुसऱ्याला लागू होत नाही.

आणि हात धुवा. पिंजऱ्यात हात घालण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुऊन कोरडे करा. शेंगदाण्याची चटणी, तळण किंवा सुकट यांचा वास बोटांना राहिला तर ते बोट त्याच्या लेखी खाऊच असतं. उलट अत्तर, सॅनिटायझर आणि उग्र साबण यांनी तुमचा ओळखीचा वास पुसला जातो. नंतर पुन्हा साबणाने हात धुवायचे, ते आपल्या आरोग्यासाठी.

दुसरा आठवडा: हात आत, पण स्थिर

तो जागा असताना, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, बाजूने हात आत सरकवा. टाकीला वरूनच तोंड असेल तर तो जिथे आहे त्याच्या विरुद्ध टोकाला, भिंतीलगत हात हळूहळू खाली न्या. तळहात वर, बोटं जुळलेली, हाताची मागची बाजू बेडिंगवर टेकलेली. आता पाच ते दहा मिनिटं काहीही करायचं नाही. तो येईल, हुंगेल, पळेल, परत येईल. त्याच्या दिशेने बोट हलवायचा मोह आवरा. पहिले एक-दोन दिवस तो जवळही फिरकला नाही तरी चालेल. हात आत आला आणि काही वाईट झालं नाही, एवढा धडा पुरेसा असतो.

मग खाऊ. इथे एक बारकावा फार उपयोगी पडतो. सुरुवातीला खाऊ लांबट असावा: बाजरीच्या कणसाचा तुकडा, काकडीची पाच सेंटिमीटर लांब काप. त्याचे दात आणि तुमची बोटं यांत अंतर राहतं, त्यामुळे तुम्हीही धीराने हात स्थिर ठेवता. दोन बोटांत चिमटीने धरलेली इवलीशी बी घेताना अंधुक नजरेचा प्राणी बोटच पकडतो, आणि तो चावला असं आपण म्हणतो.

दुसरी अडचण गालांच्या पिशव्यांची. बी मिळाली की ती गालात कोंबून तो बिळाकडे धूम ठोकतो. हाताजवळ तो दोन सेकंद थांबला, एवढंच पदरात पडतं. म्हणून चाटून खायची गोष्ट द्या. बिनसाखरेचे ओट्स पाण्यात मऊ शिजवून पूर्ण गार करा आणि चहाच्या चमच्याच्या पाव भागाएवढे लांब दांड्याच्या चमच्यातून पुढे धरा. पळवून नेता येत नाहीत म्हटल्यावर तो तिथेच बसून खातो. दोन-तीन दिवसांनी चमच्याचं टोक तळहातावर टेकवा, नंतर चमचा काढून घेऊन खाऊ थेट तळहातावर ठेवा. शेंगदाण्याचं बटर, गूळ, चिक्की असं चिकट काही देऊ नका. ते गालात चिकटून बसतं.

खाऊचं प्रमाण सांभाळा. सीरियनला दिवसाकाठी साधारण १० ग्रॅम दाणे पुरतात. त्यावर रात्री भोपळ्याच्या एक-दोन बिया किंवा सूर्यफुलाच्या दोन-तीन, एवढंच. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं, चॉकलेट आणि मीठ-मसाला लावलेलं काहीही नको.

खाऊची जागा दर दोन दिवसांनी सरकवत न्या: आधी बोटांच्या टोकांवर, मग तळव्याच्या मध्यावर, शेवटी मनगटाजवळ. मनगटावरची बी घ्यायची तर त्याला चारही पाय हातावर ठेवावे लागतात. तो चढला की श्वास रोखून आनंद साजरा करा, पण हात उचलू नका. पहिल्यांदा चढल्याबरोबर उचललं, तर हा सापळाच आहे हे त्याला पटतं आणि आठवडा वाया जातो. तीन-चार रात्री त्याला नुसतं चढू-उतरू द्या.

भीती तुमची असेल तर

याबद्दल संकोच बाळगायचं कारण नाही. एकदा चावून घेतलं की हात आपोआप थरथरतो, आणि थरथरणारा, पुढे-मागे होणारा हात हॅमस्टरला स्थिर हातापेक्षा जास्त घाबरवतो. म्हणून हाताच्या आधी कपासारखा एक मग वापरा. ज्याच्या तोंडातून तो सहज आत जाईल असा, निदान सात-आठ सेंटिमीटर रुंद तोंडाचा चिनीमातीचा मग पिंजऱ्यात आडवा ठेवा आणि आत एक बी टाका. हॅमस्टर आत शिरला की तो मग हळूच उभा करा, तोंडावर दुसरा तळहात अलगद धरा आणि न्यायचं तिथे न्या. सफाई, खेळ, डॉक्टर या सगळ्यासाठी ही पद्धत आयुष्यभर चालते. बरेच हॅमस्टर तो मग दिसला की स्वतःहून आत जाऊन बसतात.

जाड चामड्याचे हातमोजे मात्र घालू नका. त्यात आपल्याला किती दाब पडतोय ते कळत नाही, आणि त्याला तुमचा वास लागत नाही. फारच भीती वाटत असेल तर सुरुवातीला लांब बाह्यांचा सुती सदरा घाला आणि बाही मनगटापर्यंत ओढून घ्या. बोटं उघडीच राहू द्या.

तिसरा आठवडा: ओंजळ

तो तळहातावर बसून खाऊ लागला की दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या खांद्यापासून पाठीवर, केसांच्या दिशेने हळूच फिरवा. डोक्यावरून किंवा मागून सुरुवात नको. दचकला तर थांबा, पुन्हा दुसऱ्या दिवशी. हे सोसू लागला की हात फक्त दोन सेंटिमीटर वर उचला, तीनपर्यंत मोजा, खाली ठेवा. उतरावंसं वाटलं तर उतरू द्या. एका रात्रीत असं तीन-चार वेळा करा, जास्त नको.

पूर्ण उचलताना दोन्ही तळहात बेडिंगलगत दोन बाजूंनी आणून त्याच्या पोटाखाली जुळवायचे, आपण वाहत्या पाण्याची ओंजळ भरतो तसे. चारही पायांना आधार मिळाला पाहिजे. अंगठे वर, पाठीवर दाब न देता नुसती कड धरून. उचलल्यावर ओंजळ पोटाशी घ्या, कारण तिथला अंधार आणि ऊब त्याला शांत करते. तो पुढे धावू लागला तर अडवू नका. एका हातावरून दुसऱ्या हातावर, मग पुन्हा पहिल्या हातावर, असं त्याला चालत राहू द्या. मिनिटभरात धावण्याची घाई ओसरते.

मानेची सैल कातडी धरून उचलायचं तंत्र दवाखान्यात चालतं, घरात नाही. चुकीच्या ताकदीने कातडी मागे ओढली गेली तर डोळा खोबणीबाहेर येण्याइतकी इजा होऊ शकते. पाय किंवा शेपटी धरून तर कधीच उचलू नये.

उंचीचा नियम मोडू नका. कमरेच्या उंचीवरून पडला तरी हॅमस्टरचे पाय किंवा पाठ मोडू शकते. जमिनीवर गोधडीची घडी घाला, मांडी घालून बसा आणि ओंजळ जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा वर नेऊ नका. पंखा बंद, दार बंद, मांजर आणि कुत्रा दुसऱ्या खोलीत.

पिंजऱ्याबाहेरची भेट

काही हॅमस्टर पिंजऱ्यात हाताला विरोध करतात, कारण ती त्यांची हद्द असते, पण बाहेर आले की वेगळेच भासतात. दुसऱ्या आठवड्यानंतरही आत प्रगती होत नसेल तर मगातून बाहेर काढून बंदिस्त जागेत भेटा. फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे उभे करून साधारण एक मीटर बाय एक मीटरचं कुंपण करा, उंची ४५ सेंटिमीटर, आतली बाजू गुळगुळीत. जोडांना आतून चिकटपट्टी लावू नका, तो ती कुरतडतो. कोरडी न्हाणीघराची फरशीही चालते, फक्त फिनेलचा वास गेलेला हवा आणि मोरीची जाळी झाकलेली हवी.

आत त्याचंच घर, त्याचं मूठभर बेडिंग, पुठ्ठ्याची नळी आणि वाळूची थाळी ठेवा. ओळखीचा वास असला की तो लवकर सैलावतो. मग तुम्ही आत बसा, पाय पसरून. मांडीवर दोन बिया ठेवा आणि त्याला तुमच्यावर चढू द्या. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. परत नेताना पाठलाग करू नका, तोच मग त्याच्यापुढे धरा. पाठलागाने संपलेली भेट त्याच्या लक्षात राहते.

प्लास्टिकच्या बंद चेंडूत घालून फिरवणं मात्र सोडून द्या. आत हवा कमी, वास लागत नाही, बोटं फटीत अडकतात आणि थांबायचं त्याच्या हातात नसतं. आणि अंग साफ करायला थाळीत ठेवलेली वाळू म्हणजे बारीक वाळूच, पावडर नव्हे. हॅमस्टरला पाण्याने अंघोळ कधीच घालायची नाही. त्याच्या अंगावरचं तेल निघून जातं आणि तो गारठून आजारी पडतो.

त्याचं अंग काय बोलतं

जांभई देणं, लांबलचक आळस देणं, तुमच्यासमोर बसून सावकाश अंग चाटणं, पाठ करून खाणं ही सगळी निर्धास्तपणाची चिन्हं. अशा वेळी एक पायरी पुढे जायला हरकत नाही. हात लावल्याबरोबर घाईघाईने तोंड पुसू लागला तर मात्र तो अस्वस्थ आहे. एक पाय उचललेला, अंग दगडासारखं थिजलेलं, कान ताठ: त्याने काहीतरी ऐकलंय, तुम्हीही थांबा. कान मागे चिकटलेले, पोट जमिनीला दाबलेलं म्हणजे भीती. दातांचा कटकट आवाज, मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पंजे समोर धरणं, किंवा पाठीवर उताणं पडून किंचाळणं, या शेवटच्या सूचना असतात. अशा वेळी हात झटकन नव्हे, सावकाश मागे घ्या आणि त्या रात्रीपुरतं थांबा.

मादीचा एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. सीरियन मादी दर चार दिवसांनी माजावर येते. त्या रात्री तिच्या अंगाला उग्र वास येतो आणि पाठीला हात लावताच ती शेपूट वर करून ताठ थिजते. हा आजार नाही, रागही नाही.

चावला तर

चाचपणं आणि चावणं यात फरक आहे. नवी वस्तू काय आहे ते तो दातांनी हलकेच तपासतो, रक्त येत नाही. तेवढ्यावर हात काढून घेऊ नका, नाहीतर दात लावला की हात जातो, हे तो शिकतो. बोटाने त्याला नाकाकडून हळूच बाजूला सरकवा आणि तिथे काकडीचा तुकडा ठेवा.

खरा चावा बसला तर कठीण आहे, पण हात झटकू नका. झटकल्यामुळे दोन मीटर लांब भिंतीवर आदळून हॅमस्टर मेल्याची उदाहरणं थोडी नाहीत. हात तसाच खाली बेडिंगवर टेकवा. पायाखाली जमीन लागली की तो बहुधा सोडतो. तोंडावर फुंकर मारणं, टिचकी मारणं, ओरडणं यातलं काहीच त्याला शिक्षा म्हणून समजत नाही. त्याला एवढंच कळतं की हात खरोखर धोकादायक आहे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, जंतुनाशक लावा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. सूज वाढत गेली किंवा ताप आला तर दाखवायला उशीर नको. क्वचित कोणाला हॅमस्टरच्या लाळेची तीव्र अॅलर्जी असते. चावल्यानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर थेट रुग्णालयात जा.

त्यानंतर कारण शोधा. झोपेतून उठवलं होतं का? हाताला खाण्याचा वास होता का? खाऊ जाळीतून देता का? जाळीतून येणारं बोट आणि जाळीतून येणारा खाऊ यात तो फरक करत नाही, म्हणून जाळीतून काहीही भरवू नये. गजांना सतत चावत असेल तर पिंजरा अपुरा आहे. आणि आधी शांत असलेला हॅमस्टर एकाएकी चावू लागला तर आजार गृहीत धरा: वाढलेले दात, गालात अडकलेलं अन्न, गाठ, जखम. लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता हॅमस्टर आणण्याआधीच शोधून ठेवलेला बरा.

दुकानातून आणलेली मादी अचानक आक्रमक झाली आणि भराभर मोठं घरटं बांधू लागली, तर ती गाभण असण्याची शक्यता धरा. नर-मादी एकत्र ठेवलेले असतात आणि सीरियनचा गर्भकाळ फक्त १६ ते १८ दिवसांचा असतो. पिल्लं झाली की दोन आठवडे घरट्याला हातच लावायचा नाही. घाबरलेली आई स्वतःच्या पिल्लांना मारते. अलेप्पोजवळ पकडलेल्या त्या पहिल्या मादीनेही पेटीत ठेवल्यावर आपलं एक पिल्लू मारलं होतं.

मुलं, ड्वार्फ आणि म्हातारपण

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात हॅमस्टर देऊ नका. मोठ्या माणसाच्या ओंजळीत तो असताना एका बोटाने पाठ कुरवाळू द्या. त्याहून मोठ्या मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यावा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हॅमस्टर हाताळणं आणि पिंजरा साफ करणं टाळावं. कृंतक प्राण्यांकडून येणारा एलसीएम नावाचा विषाणू गर्भाला घातक ठरू शकतो.

ड्वार्फ जातींचे हॅमस्टर चपळ आणि हलके असतात. पायऱ्या त्याच, फक्त वेळ जास्त आणि उंची त्याहूनही कमी. त्यांतल्या काही जातींना मधुमेहाची प्रवृत्ती असते, म्हणून फळं आणि गोड खाऊ देऊन सवय लावू नका. बिया आणि काकडीवर भागवा. रोबोरोव्हस्की जातीचे तर जेमतेम २०-२५ ग्रॅमचे आणि विजेसारखे पळणारे असतात. त्यांतले बरेच हातावर थांबत नाहीत. ते हातावरून धावत जातात आणि दाणा घेतात, हीच त्यांच्यापुरती मैत्री. त्यांना धरून ठेवायचा हट्ट करू नये.

सवय लागल्यावरही रोज पाच-दहा मिनिटं द्या. गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलात तर थेट उचलू नका. टिश्यूपासून ओंजळीपर्यंतच्या पायऱ्या दोन-तीन रात्रींत पुन्हा करा. दिवाळीच्या आवाजाच्या दिवसांतही त्याला एकटं सोडा.

हॅमस्टरचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. दीड वर्षानंतर डोळ्यांत मोतीबिंदू दिसू शकतो, झोप वाढते, चढताना पाय घसरतात. माणसाळलेला हॅमस्टरही या वयात अनपेक्षित स्पर्शाने दचकून चावू शकतो. अशा वेळी आधी तुमची ती नेहमीची ‘टक-टक’ खूण करा, हात नाकासमोर सपाट टेकवा, आणि त्याला चढायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला तरी थांबा.